गुलाल उधळला की व्हिडिओ फुटतो: कोडेक, बिटरेट आणि फाईलचा आकार

चैत्र पौर्णिमा झाली की पुढचे आठ-दहा दिवस मला एकाच तक्रारीचे फोन येतात. "दादा, बाकी सगळं झकास आलंय, पण गुलाल उधळला की पिक्चर फुटालंय बघा." ज्योतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचत असते, हलगी कडाडत असते, चांगभलंचा गजर होतो, मुठी-मुठीनं गुलाल वर जातो आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर गुलालाच्या जागी गुलाबी चौकोन दिसायला लागतात. दोन-तीन सेकंदांनी गुलाल खाली बसला की चित्र परत स्वच्छ. विसर्जन मिरवणुकीत हेच, लग्नात वरमाला पडल्यावर कागदी फुलांचा फवारा उडवतात तिथे हेच, धो-धो पावसातल्या शूटिंगमध्येही हेच.

मी स्वतः यात एकदा पोळलोय. एका गावाच्या सासनकाठीचा चार मिनिटांचा व्हिडिओ मी ठरलेल्या ८ मेगाबिट बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट डेटा वापरून, एक्स्पोर्ट करून दिला. लॅपटॉपच्या पडद्यावर ठीक वाटला होता. तालमीतल्या मोठ्या टीव्हीवर लावला तेव्हा काठी पेलणाऱ्या आजोबांचा चेहरा गुलालात अक्षरशः ठिगळांचा झाला. त्यानंतर त्यांच्या खांद्यानं काठी पेलणं सोडलं, म्हणजे तो क्षण पुन्हा शूट होणार नव्हता. मूळ फाईल कार्डावर शाबूत होती म्हणून काम निभावलं. तेव्हापासून हा प्रश्न मी मुळापासून समजून घेतला आणि जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी: फुटलंय नक्की कुठे?

सेटिंगला हात लावण्याआधी हे एक काम करा. व्हिडिओ तीन जागी फुटू शकतो: कॅमेऱ्यात रेकॉर्ड होताना, एडिटिंगनंतर एक्स्पोर्ट होताना, किंवा पाठवताना. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत आणि चुकीच्या जागी इलाज केला तर रात्रभर रेंडर लावून हाती काही येत नाही.

कार्डावरची मूळ फाईल व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये उघडा. गुलाल उडतो त्या सेकंदावर थांबा आणि कीबोर्डवरचं ई दाबत एकेक फ्रेम पुढे जा. प्रत्येक फ्रेममध्ये गुलालाची कड बघा. ती धुरासारखी विरत गेलेली असेल, तर मूळ चित्र चांगलं आहे. तिथेच पायऱ्या-पायऱ्या आणि चौकोन दिसत असतील, तर कॅमेऱ्यानंच ते गमावलंय आणि ते परत आणता येत नाही. मग एक्स्पोर्ट केलेल्या फाईलचा तोच सेकंद तसाच बघा. शेवटी मोबाईलवर मिळालेल्या कॉपीचा. चित्र पहिल्यांदा जिथे बिघडलेलं दिसेल, ती तुमची जागा.

व्हीएलसीच्या टूल्समध्ये कोडेक इन्फर्मेशन आहे, तेही उघडून ठेवा. फाईल कुठल्या कोडेकची (म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या कुठल्या पद्धतीची), किती बाय किती, किती फ्रेमची, सगळं तिथे कळतं. नावापुढे एमपी४ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. एमपी४ हा नुसता डबा आहे. त्यात एच.२६४ असेल, एच.२६५ असेल, एव्ही१ही असेल. भाजी कुठली ते झाकणावरून कळत नाही.

गुलालच का?

१९२० बाय १०८० ची एक फ्रेम काहीही न दाबता ठेवायची, तर नेहमीच्या रंगपद्धतीत ती ३१ लाख १० हजार ४०० बाइट्सची होते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला साडेचार जीबीच्या वर. आपण ८ मेगाबिटवर एक्स्पोर्ट करतो तेव्हा सेकंदाला १ एमबी मिळतो, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ४० हजार बाइट्स. जवळजवळ ७८ मधले ७७ भाग सोडून द्यायचे आणि तरी बघणाऱ्याला काही कमी झालंय असं वाटू द्यायचं नाही, हे काम कोडेक करतो. मला आजही याचं नवल वाटतं.

त्याची मोठी बचत होते ती सारखेपणातून. एच.२६४ फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन करतो. १०८०पी, म्हणजे १९२० बाय १०८० मध्ये असे ८१६० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनासाठी तो आधीच्या किंवा पुढच्या फ्रेममध्ये जुळणारा तुकडा शोधतो. देवळाची काळ्या दगडाची भिंत जागची हलत नाही, तिच्यासाठी जवळपास काहीच लिहावं लागत नाही. काठी डावीकडे झुकली तर "हाच तुकडा एवढा सरकव" एवढं लिहून भागतं. उरलेला फरक तेवढा वेगळा साठवायचा.

आता गुलाल बघा. एका मुठीत हजारो कण, प्रत्येकाची वाट वेगळी, प्रत्येक क्षणी ढगाचा आकार वेगळा. आधीच्या फ्रेममध्ये शोधून जुळणारं काही सापडतच नाही. त्यामुळे जवळपास प्रत्येक चौकोन नव्यानं लिहावा लागतो, आणि त्यातही बारीक कणी-कणी असल्यामुळे तो लिहायला महाग पडतो. फ्रेमला खरं तर चौपट-पाचपट बाइट्स हवे असतात. बिटरेट बांधून दिलेला असला की ते मिळत नाहीत. मग कोडेक तपशील टाकायला सुरुवात करतो.

तो कसा टाकतो हे कळलं की चौकोन का दिसतात तेही कळतं. चौकोनातल्या चित्राचे तो जाड आणि बारीक असे थर करतो: एक सरासरी रंग, त्यावर सावकाश होणारे बदल, त्यावर बारीक पोत. हे थर करायचं मूळ गणित बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. आज जगभर फिरणाऱ्या बहुतेक व्हिडिओंच्या पोटात त्याचंच कुठलं तरी रूप आहे, आणि आपल्याकडे हे फार कमी जणांना ठाऊक आहे. बाइट्स कमी पडले की बारीक थर आधी जातात, मग मधले. शेवटी उरतो तो फक्त सरासरी रंग, म्हणजे एक सपाट गुलाबी चौकोन. शेजारच्या चौकोनाची सरासरी थोडी वेगळी असते आणि दोघांमधली कड डोळ्यात भरते. त्या कडा मऊ करायला कोडेकमध्येच एक फिल्टर असतो, पण तूट फार असली की तोही पुरा पडत नाही.

४के मध्ये एक्स्पोर्ट करण्याचा उपाय उलटा का पडतो, तेही यातूनच कळेल. बिटरेट तोच ठेवून पिक्सेल चौपट केले, तर तेवढ्याच पिठात चौपट भाकऱ्या थापायच्या. ६० फ्रेमचंही तसंच.

इलाज: बिटरेट बांधू नका, दर्जा बांधा

एक्स्पोर्टमध्ये सीबीआर, म्हणजे दर सेकंदाला सारखाच बिटरेट, निवडलेलं असेल तर पहिलं ते काढा. त्यात शांत पालखीच्या सेकंदालाही ८ मेगाबिट आणि गुलालाच्या सेकंदालाही ८. पालखीला ते जास्त होतात, गुलालाला पुरत नाहीत. व्हीबीआर, म्हणजे कमी-जास्त होणारा बिटरेट, दोन पासमध्ये (दोन फेऱ्यांत) घेतलं तर कोडेक आधी सगळा व्हिडिओ एकदा बघून ठेवतो आणि दुसऱ्या वेळी गरज बघून वाटप करतो. गुलाल असेल तर मी सरासरी १६ आणि कमाल ४० मेगाबिट ठेवतो.

त्याहून मला आवडते ती सीआरएफची वाट. यात तुम्ही आकार सांगत नाही, दर्जा सांगता, आणि जिथे जेवढे बाइट्स लागतील तेवढे कोडेक घेतो. बऱ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय थेट नसतो, म्हणून मी एडिटिंगमधून प्रोरेस ४२२ या अगदी हलकं दाबणाऱ्या कोडेकची मास्टर फाईल काढतो आणि ती हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घालतो. १०८०पी २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ सुमारे १२२ मेगाबिट घेतं, म्हणजे चार मिनिटांना साडेतीन जीबीच्या पुढे. घाबरू नका, ही फाईल वाटायची नसते. जुनी कामं रिकामी करून हार्डडिस्कवर जागा तेवढी ठेवा.

हँडब्रेकमध्ये व्हिडिओच्या टॅबवर एन्कोडर (प्रत्यक्ष दाबायचं काम करणारा प्रोग्राम) एक्स२६४ निवडा, तो एच.२६४ ची फाईल करतो. ग्राफिक्स कार्डवर चालणारे एन्कोडर वेगात फार पुढे आहेत, पण तेवढ्याच आकारात एक्स२६४ सावकाश चालवला तर तो सहसा जास्त तपशील राखतो आणि गुलालात तो फरक डोळ्यांना दिसतो. खाली आरएफची, म्हणजे त्याच सीआरएफची, पट्टी आहे. आकडा जितका कमी तितका दर्जा जास्त. एक्स२६४ चा स्वतःचा नेहमीचा आकडा २३ आहे. हळदी-साखरपुड्याला मी २१ ठेवतो, गुलालाला १८ किंवा १९. हा आकडा ६ नं वाढवला की फाईल साधारण निम्मी होते, ६ नं कमी केला की दुप्पट. प्रीसेट मीडियमवरून स्लोवर न्या. वेळ वाढतो, पण त्याच दर्जाची फाईल थोडी लहान होते.

अख्खा व्हिडिओ लावून वाट बघू नका. गुलालाचे वीस सेकंद वेगळे काढा, आरएफ १८, २१ आणि २४ अशा तीन फाईली करा आणि मोठ्या टीव्हीवर ओळीनं लावा. मोबाईलच्या पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतील, म्हणून निर्णय तिथे घेऊ नका.

आजोबांच्या व्हिडिओचं सांगतो. ८ मेगाबिटवर फाईल साधारण २४० एमबी होती. आरएफ १९ वर ती सव्वाचारशेच्या आसपास गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ गुलालाच्या एका मिनिटानं खाल्ली. पण फ्रेम थांबवली तर ढगामागे पटक्याची घडी दिसत होती, मिशीवर बसलेला गुलाल दिसत होता. एवढ्या मोबदल्यात दीड-दोनशे एमबी मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

कोडेक बदलून भागेल का?

काही अंशी. एच.२६४ चं प्रमाण २००३ चं आहे, एच.२६५ चं २०१३ चं. एच.२६५ चौकोन ६४ बाय ६४ पर्यंत मोठे घेऊ शकतो, त्यांचे गरजेप्रमाणे लहान तुकडे करतो, शोधही जास्त बारकाईनं घेतो. त्यामुळे तोच दर्जा बराच कमी आकारात बसतो. निम्म्यात बसवायचा हे उद्दिष्टच होतं. आजोबांची तीच फाईल एच.२६५ मध्ये २६० एमबीच्या आसपास बसली. २०१८ मध्ये आलेला एव्ही१ आणखी पुढे जातो आणि त्याला परवान्याची फी नाही, पण साध्या लॅपटॉपवर त्याचं एन्कोडिंग फार रेंगाळतं.

तरीही गावाला द्यायची फाईल मी एच.२६४ मध्येच देतो. एका जत्रेत मंडळाच्या जुन्या लॅपटॉपवरून मोठ्या एलईडी स्क्रीनवर एच.२६५ लावला होता: आवाज येतोय, चित्र काळं. शे-दोनशे माणसं बसलेली. व्हिडिओ मोबाईलवर छान चालतो आणि लॅपटॉपवर नुसता आवाज येतो, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा कारण हेच असतं, समोरच्या यंत्राला तो कोडेक वाचता येत नाही. आयफोनमध्ये हाय एफिशियन्सी हा पर्याय चालू असेल तर रेकॉर्डिंग एच.२६५ मध्येच होतं. मोस्ट कंपॅटिबल केलं की एच.२६४. साठवणीसाठी मात्र एच.२६५, तोही १० बिटचा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगछटेच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आभाळात किंवा गुलालाच्या पातळ धुक्यात पट्टे-पट्टे दिसतात ते पायऱ्या अपुऱ्या पडल्यामुळे. तिथे नुसता बिटरेट वाढवून फारसं काही होत नाही.

आणि जुनी एच.२६४ ची फुटलेली फाईल एच.२६५ मध्ये बदलून सुधारत नाही. नवा कोडेक ते चौकोनच चित्र समजून इमानेइतबारे जपतो.

गुलाबी रंग पसरतो तो वेगळा आजार

कधी चौकोन नसतात, पण गुलालाची कड शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळल्यासारखी दिसते. याचं कारण मघाशी म्हटलेली नेहमीची रंगपद्धत. उजेड-अंधार पूर्ण १९२० बाय १०८० मध्ये साठवतात, रंग मात्र ९६० बाय ५४० मध्ये. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो आणि रंगातला ढोबळ, म्हणून एरवी हे खपून जातं. भडक लाल-गुलाबी कडेला ते उघडं पडतं. एडिटिंगमध्ये रंग खुलवताना सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवायचा मोह होतो, गुलालाच्या बाबतीत तो आवरा. गुलाबी रंग शेवटच्या टोकाला चिकटला की त्यातली कणी आधीच मेलेली असते, कोडेककडे जपायला काही उरत नाही. मी गुलाबी तेवढा निवडून थोडा उतरवतो.

शूट करतानाच थोडं सांभाळलं तर

मूळ फाईलच फुटली असेल तर पुढच्या यात्रेला एवढं करा. मोबाईलवर शूट करत असाल तर ४के मध्ये करा आणि एक्स्पोर्ट १०८०पी करा. ४के रेकॉर्ड करताना फोन बिटरेटही जास्त घेतो, आणि लहान करताना चित्रावरची रवाळ कचकच विरते. शटर १/५० सेकंद ठेवता आलं तर ठेवा. उडणारे कण किंचित लांबट आणि मऊ येतात, डोळ्याला तेच बरं वाटतं आणि कोडेकलाही सोपं जातं. वर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रात्रीच्या दिव्यांची लुकलुकही टळते. कॅमेऱ्यातलं शार्पनिंग खाली आणा.

रात्री अंधारात दिसावं म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) चढवला की चित्रावर जी रवाळ कचकच येते, तीही गुलालासारखीच: दर फ्रेमला नवी, कशाशीच न जुळणारी. काळोख्या आभाळातली कचकच बाइट्स खात बसते आणि चेहरे उपाशी राहतात. एक्स्पोर्टआधी हलकं डिनॉइज करा, म्हणजे ही कचकच थोडी पुसा. हलकंच करा, नाहीतर गुलालाचीही कणी धुऊन निघेल.

काही लहान तक्रारी

न रेंडर करता व्हिडिओ कापला आणि सुरुवातीला सेकंद-दोन सेकंद चित्र गोठलं किंवा राखाडी आलं, तर कट कीफ्रेमवर, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर, पडलेला नाही. पूर्ण फ्रेम अधूनमधूनच साठवतात, मधल्या फ्रेम तिच्या आधारानं उभ्या असतात. कट थोडा मागे घ्या.

हलगीची थाप आणि काठीची उडी हळूहळू एकमेकांपासून सुटत गेली, तर मोबाईलनं फ्रेमचा वेग कमी-जास्त केलाय. एडिटिंगआधीच हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घ्या.

टीव्हीसाठी पेनड्राइव्हवर मोठी फाईल जात नसेल, तर पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा आहे. त्यावर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. टीव्ही वाचत असेल तर तो एक्सफॅट फॉरमॅटचा करा.

यूट्यूब १०८०पी आणि २५ फ्रेमसाठी ८ मेगाबिट सुचवतं. गुलाल असेल तर त्याहून बरीच जड फाईल चढवा. तिथे ती पुन्हा एकदा दाबली जाणारच आहे, आत जाताना जेवढं चांगलं जाईल तेवढं बाहेर येताना उरेल.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो लहान होऊनच जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो, २ जीबीपर्यंत. पण गावच्या ग्रुपवर सव्वाचारशे एमबी कोणी उतरवून घेणार नाही. म्हणून त्या ग्रुपसाठी मी वेगळी फाईल करतो: गुलालाचे निवडक ४० सेकंद, ७२०पी, ३ मेगाबिट, दोन पास. १५ एमबी होते. ३ मेगाबिटमध्ये १०८०पी कोंबण्यापेक्षा ७२०पी कधीही स्वच्छ दिसतं, कारण पिक्सेल निम्म्याहून कमी आणि बाइट्स तेवढेच. ही फाईल नेहमी मास्टरवरूनच काढा. एका भाच्यानं मला मामाच्या पुण्यतिथीला लावायला क्लिप पाठवली होती, ती चार फोन फिरून आलेली. प्रत्येक फोननं थोडी-थोडी दाबलेली, शेवटी मामा ओळखू येत होते ते पटक्याच्या रंगावरून. ज्यानं शूट केलं त्याच्या जुन्या फोनचं कार्ड शोधायला लावलं. तीन दिवसांनी ते सापडलं, आणि त्यावर मूळ क्लिप होती.